मेजदी आणि लोखंडी बांगडी

थर्मामीटर लावायच्या आधी मेजदी एक प्रश्न विचारायची, "घरी असतीस तर आत्ता काय करत असतीस ग?" ताप किती, दुखतं कुठे, हे सगळं नंतर.

मेजदी म्हणजे मधली ताई. बागबाजारातल्या आपल्या घरात ती मधली होती आणि कलकत्त्याच्या आमच्या हॉस्पिटलात झाडूवालीपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचीच मधली ताई होऊन बसली होती. बायकांच्या वॉर्डची सिस्टर. बुटकी, रुंद, चपला फटफट वाजवत चालणारी.

मी एकोणीस वर्षांची शिकाऊ नर्स. वडील रेल्वेत, गार्डन रीचला बदलून आलेले. 'मुलगी परक्यांची अंगं पुसणार?' असं आत्याने पुण्याहून पत्रात विचारलं, म्हणून तर मी हट्टाने गेले. माझ्या टोपीला एवढी खळ असे की मान वळली तरी टोपी वळत नसे. पहिल्या परीक्षेत पहिली आले होते. त्यामुळे उरलेलं सगळं जग नापास झालंय, अशा तोऱ्यात वावरत असे.

मेजदी मला 'बर्गी' म्हणायची. बंगाल लुटायला आलेले मराठे स्वार ते बर्गी. त्यांची भीती घालून बागबाजारात अजून पोरं झोपवत. "आली का बर्गी? आज कुणावर स्वारी?" मी नाक उडवून पुढे जायची.

एक आजीबाई सारखं बँडेज ओढून काढत. मी त्यांचे हात बांधायला पट्टी घेऊन आले, तोवर मेजदीचा प्रश्न विचारून झाला होता. "पानं पुसत बसले असते," आजी म्हणाल्या. दुपारी मेजदीने विड्याच्या पानांची चवड आणि ओलं फडकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. "जंतू!" मी किंचाळले. "असू देत. ती पानं कुणी खाणार नाहीये." बँडेज जागेवर राहिलं. मी त्यातून काडीचंही शिकले नाही.

मग बीणा आली. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेलं जोडपं, दोघंही तापाने फणफणलेली. ती वर आमच्याकडे, नवरा खाली पुरुषांच्या वॉर्डात. बीणाचा डावा हात सुजला होता आणि मनगटात एक गंजकी लोखंडी बांगडी रुतली होती. ती ग्लानीत होती. मला पुस्तकातलं धनुर्वाताचं पान आठवलं. मिस्त्रीकडून पक्कड आणली, कट्! बांगडी केराच्या बादलीत. गळ्यात मंगळसूत्र असतं तर मी हात लावला नसता, एवढं आईने शिकवलं होतं. पण गंजकं लोखंड कुणाला प्रिय असेल?

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. इतके दिवस जाग आली की माशाचं पातळ कालवण मागणारी बीणा आता वाटी बघून तोंड फिरवू लागली. मग दूध नको, औषधही नको. दोन दिवसांत तिचे डोळे खोल गेले. मी चार्टवर लिहिलं, 'पेशंट ऐकत नाही.' अक्षर फार सुरेख होतं.

"तू काय बोललीस, जे तिने ऐकलं नाही?" मेजदीने विचारलं.

"खा म्हटलं."

"आणि?"

"आणि काय? खा म्हटलं."

मेजदी स्टूल ओढून बीणाशेजारी बसली. चादरीखाली लपवलेला हात तिने हळूच बाहेर घेतला. "ओ मा! हिची नोआ कुठे गेली?"

ती लोखंडी बांगडी मी कापून टाकली, असं मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्या दिवशी तिने मला बर्गी म्हटलं नाही. "लग्नात सासरी घालतात ती," एवढंच म्हणाली. "नवरा गेल्यावर उतरते. आणि विधवा इथे मासे खात नाहीत."

बीणाने डोळे उघडलेच नाहीत. "मी बरी झाल्यावर सांगायचं ठरवलंत ना तुम्ही सगळ्यांनी?"

"अग, तो खाली जिवंत आहे!" मी म्हणाले.

"तुम्हाला असंच म्हणावं लागतं."

मेजदी माझ्याकडे वळली. "खाली जा. काय केलंस ते त्याला स्वतःच्या तोंडाने सांग आणि वर घेऊन ये."

"पण पुरुषांना या वेळी—"

"नियमांचं मी बघते. तू जिना बघ."

नवरा म्हणजे नुसती हाडं. त्याने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मला मारून टाकलंत, दिदिमणी?" म्हणाला आणि उठायची धडपड करू लागला. त्याला खुर्चीवर बसवून दोन वॉर्डबॉयनी वर नेलं. मी फाटकाबाहेरच्या दुकानातून नवी बांगडी आणली. माप कुणाचं? माझ्या तूप-भाताच्या मनगटाचं!

त्याने ती बीणाला घातली. ती घसरत कोपरापर्यंत गेली. बीणाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग बांगडीकडे.

"इतकी ढगळ?"

"मी नाही आणली. या मराठी दिदिमणींनी आणली."

तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. मेजदीने कालवण पुन्हा गरम करून आणलं. बीणाने अर्धी वाटी संपवली आणि तो माझाच पराक्रम असल्यासारखी मी वॉर्डभर मिरवले.

दोघं एकाच दिवशी घरी गेली. बीणा मेजदीच्या पाया पडली. माझ्यासमोर आली तशी तिने डावा हात पटकन पदराखाली घेतला आणि लांबूनच मान हलवली.

मला रडूच आलं. "मेजदी, एवढं सगळं केलं, तरी?"

फाटकाकडे हळूहळू चाललेल्या त्या दोघांकडे बघत मेजदी म्हणाली, "लपवू दे ग. हात तिचा आहे."