लिनसाहेबांचा काढा

“मॅडम, एक सही तर आहे. करून टाका ना,” एचआरचे पानसे माझ्या टेबलासमोर येरझारा घालत म्हणाले. सोमवारी नव्या प्रेस लाइनची ट्रायल होती. ती लाइन बसवायला चीनहून आलेले इंजिनिअर लिनसाहेब माझ्या खोलीतल्या खाटेवर पडून होते. त्यांचं बीपी दोनशे बाय एकशेदहा. शिडी चढताना पाय उचलेनात, म्हणून दोघांनी धरून आणलं होतं.

सकाळी लोणावळ्यात माझं क्लिनिक असतं. दुपारी वडगावजवळच्या या कारखान्यात मी मेडिकल ऑफिसर. इथलं मुख्य काम फिटनेसचं. उंचावर किंवा मोठ्या मशीनवर जाणारा माणूस त्या कामाला धड आहे ना, हे तपासायचं आणि मगच सही करायची. लिनसाहेबांना प्रेसच्या, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या उंच मशीनच्या, माथ्यावर चढायचं होतं.

“पानसे, तुम्ही आधी बसा. तुमच्या येरझारांनी माझंच बीपी वाढेल.”

ते बसले नाहीत. खरं सांगायचं तर मलाही बसवत नव्हतं.

लिनसाहेब पहिल्यांदा आले तेव्हा बीपी एकशेसाठच्या आसपास होतं. मी गोळी लिहून दिली. त्यांनी हसून मान हलवली आणि बॅगेतून एक पुडी काढली. आत आकड्यासारखे काटे असलेल्या काटक्या, शिंपल्याचे तुकडे आणि मोडली की पांढरे धागे सुटणारी एक साल. त्यांच्या आईच्या वैद्याने दिलेला काढा. मोबाइलवर भाषांतर करून त्यांनी मला वाचून दाखवलं, “यकृतात उठलेला वारा शांत होतो.” मी एमबीबीएस. माझ्या डोक्यात तो वारा काही शिरला नाही. काढा घ्या, पण गोळीही घ्या, म्हटलं. गोळी त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि काढा न चुकता घेतला.

पुढच्या तपासणीला बीपी वाढलेलं. त्याच्या पुढच्या वेळी आणखी. मी त्यांना तळेगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. नजरेसाठी नाही. शरीरातल्या रक्तवाहिन्या चिरफाड न करता थेट बघायला मिळतात त्या फक्त डोळ्याच्या पडद्यावर. रिपोर्ट आला, वाहिन्या आकसल्यात, एका ठिकाणी बारीक रक्तस्राव झालाय. डोळ्यात जे दिसतं ते मेंदूत आणि मूत्रपिंडातही चाललेलं असू शकतं. तेव्हापासून मला चैन नव्हती. रस्त्यात सिग्नलला थांबले तरी मनात ती पुडी यायची. माणूस समोर हसतोय आणि आतून झिजतोय, आणि आपण बघत बसलोय, याचा रागही यायचा.

आता ईसीजी काढला तर ठोके मध्येच अडखळत होते. कालच तपासायला पाठवलेल्या रक्ताबद्दल लॅबचा फोन आला. पोटॅशियम फारच कमी. हे खनिज कमी पडलं की हातापायांतली ताकद जाते आणि हृदयाची लय बिघडते. कधी कधी ते थांबतंही. मी आधी ॲम्ब्युलन्स बोलावली.

“पण सोमवारी...” पानसे म्हणाले.

“सोमवारी हे जिवंत हवेत ना तुम्हाला?”

पानसे अखेर खुर्चीत बसले.

बीपी जास्त आणि पोटॅशियम कमी, अशी जोडी दिसली की डॉक्टरला ज्या दोन-चार शंका येतात, त्यातली एक ज्येष्ठमधाची असते. घशासाठी काडी चघळली तर काही होत नाही. पण रोज भरपूर पोटात गेलं, की शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. चिनी औषधांत ज्येष्ठमध सर्रास असतं. सापडला चोर, असं मला वाटलं.

“काढ्यात लिकोरिस आहे?” मी ज्येष्ठमधाचं इंग्रजी नाव घेऊन विचारलं.

“नो,” लिनसाहेब म्हणाले. त्यांनी पुडीवरची यादी मोबाइलखाली धरली. एकेक नाव मी वाचलं. खरंच नव्हतं.

“नक्की? चव गोड नाही लागत?”

त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग मोबाइलवर टाइप करून मला दाखवलं, “घरी खूप कडू लागतो. इथे गोड लागतो. मला वाटलं, तुमच्याकडचं पाणी गोड आहे.”

“तुम्ही स्वतः उकळत नाही?”

त्यांनी कॅन्टीनच्या दिशेने बोट केलं.

ॲम्ब्युलन्स त्यांना घेऊन गेली आणि मी तशीच कॅन्टीनकडे निघाले. मागून पानसे. सुमन मावशी कणीक मळत होत्या. मळवलीच्या, कॅन्टीन त्यांच्याच जिवावर चालतं. गॅसच्या वर भिंतीला बुद्धाची तसबीर.

“मावशी, लिनसाहेबांच्या काढ्यात तुम्ही काही घालता?”

“व्हय की. जेष्टमध. चांगलं मूठभर,” त्या खुशीत म्हणाल्या. “लय कडू वो त्ये. पिताना त्वांड कसं व्हायचं त्येंचं! आन् त्ये आपल्या बुद्धाला मानणारं मानूस. आईपास्नं लांब ऱ्हातंय. म्हनलं, आपन न्हाई बगायचं तर कोन बगायचं?”

लिनसाहेब कुठल्याच देवाधर्माला मानत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं नाही. पण माझा आवाज चढलाच.

“अहो, बीपीच्या माणसाला ज्येष्ठमध?”

कणकेतले हात तसेच राहिले. “बीपी? त्येंना बीपी हाय? मला वाटलं खोकला. काढा खोकल्यालाच पित्यात की!” त्यांचे डोळे भरून आले. “माज्या हातनं कुनाला काय झालं तर न्हाई ना वो मॅडम?”

“होतील ते बरे,” मी म्हटलं. तेव्हा मला त्याची खात्री नव्हती.

झाले बरे. हॉस्पिटलात पोटॅशियम भरून काढलं आणि ठोके सुधारले. पुढच्या काही आठवड्यांत बीपी उतरून पहिल्या दिवशीच्या आकड्यावर आलं. आता मात्र त्यांनी गोळी सुरू केली. डोळ्यातलं रक्त जिरलं. आकसलेल्या वाहिन्या मात्र पूर्ववत झालेल्या नाहीत. ट्रायल लांबली आणि पानशांनी वरच्यांची बोलणी खाल्ली. काढा मी बंद करायला लावला, कोणत्या औषधाने काय होतंय ते तरी कळावं म्हणून. त्या काढ्याने बीपी उतरतं का, असं लोक मला अजून विचारतात. मला माहीत नाही. ज्येष्ठमध न घालता परीक्षा द्यायची संधी आम्ही त्याला दिलीच नाही.

लिनसाहेबांचं बीपी पानशांना माहीत होतं, प्लांट हेडना माहीत होतं, तिकडे चीनमधल्या त्यांच्या ऑफिसलाही माहीत होतं. रोज त्यांच्या हातात पेला देणाऱ्या बाईला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.