दांडी माझ्या हातात होती

मी भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर हसण्यासारखं फारसं काही नाही.

पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि आम्ही नदीच्या अगदी काठाला दोन खोल्यांत राहत होतो. भर दिवसा गल्लीत आरडाओरडा झाला, "पाणी आलं, पळा!" ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिने माझं मनगट पकडलं आणि जी पळत सुटली ती पर्वतीच्या पायऱ्यांपर्यंत थांबली नाही. वाटेत पाणी आधी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला, मग माझ्या छातीला. तिच्या बोटांचे वळ आठवडाभर माझ्या मनगटावर होते. तेव्हापासून बादलीतलं पाणी जरा हिंदकळलं तरी मी दोन पावलं मागे सरकतो. आणि या ताईने लग्न कुणाशी करावं? तर बोटीचं वेड लागलेल्या माणसाशी. पुण्यात! जिथून समुद्र गाठायला अख्खा घाट उतरावा लागतो!

दाजींचं स्वारगेटजवळ लेथचं वर्कशॉप होतं. जुन्या बाजारातून ते परदेशी मासिकांचे गठ्ठे आणायचे आणि मला बँकेतून येताना हटकून बसवून घ्यायचे. खुल्या समुद्रातल्या मोटरबोटींच्या शर्यती हा त्यांचा विषय. सुरुवातीच्या त्या बोटी म्हणे तासाला वीस-पंचवीस मैलांनी जायच्या. "अहो, आपली एसटी कात्रजचा घाट याहून जोरात उतरते," मी म्हणायचो. "एसटीखाली रस्ता असतो, साहेब," ते म्हणायचे. मी बँकेत कारकून, म्हणून त्यांनी मला कायमचं साहेब करून टाकलं होतं.

मग ते पानं उलटत पुढचं सांगायचे. आधीच्या बोटींचा तळ सपाट असे, लाटेवर थाडथाड आपटत जायच्या आणि माणसांची हाडं खिळखिळी व्हायची. पुढे कुणीतरी नांगराच्या फाळासारखा निमुळता तळ काढला, तो लाट कापत जातो. वेग एकदम वाढला. एकाची दोन इंजिनं झाली, लाकडाच्या जागी फायबर आलं, पन्नास मैल झाले, साठ झाले, सत्तर झाले. इतक्या वेगात एका माणसाला सगळं जमेना, म्हणून दोघं बसू लागले. एकाच्या हातात चाक, दुसऱ्याच्या हातात इंजिनाचा वेग कमीजास्त करायची दांडी. सत्तर मैल ऐकूनच मी बसल्या जागी स्टूल घट्ट धरायचो.

धायरी तेव्हा खेडं होतं. तिथल्या एका शेतकऱ्याचा रिकामा गोठा घेऊन दाजींनी बोट बांधायला काढली, तळ फाळासारखाच. म्हातारा शेतकरी रोज येऊन बोटीला प्रदक्षिणा घालायचा. "मालक, पाणी कुठं हाय हितं? ह्याला बैल जुपायचं का काय?" दाजी हसायचे आणि रंधा मारत राहायचे. मला मात्र ती बोट जसजशी पुरी होत गेली तसतशी झोप लागेना, कारण ते खरंच समुद्रात शर्यतीला जाणार हे मला कळून चुकलं होतं.

आणि मग ताईने मला बोलावलं. "ह्यांना भीती म्हणून नाहीच," ती म्हणाली. "तुला आहे, दोघांना पुरेल एवढी. तू ह्यांच्या शेजारी बस. ती दांडी तुझ्या हातात राहू दे."

"अगं ताई, मी? मला नदीचा पूल ओलांडताना घाम फुटतो!"

"म्हणूनच," ती म्हणाली. "त्या दिवशी पाण्यात मी तुझा हात सोडला नव्हता. मला हे जिवंत परत हवेत. बास." मी कबूल झालो.

खडकवासल्याच्या पाण्यावर सराव झाला. पानशेतच्या लोंढ्याने त्या दिवशी हेही धरण फोडलं होतं, याचंच पाणी माझ्या छातीपर्यंत आलं होतं, आणि आता त्यावरून मी जीव मुठीत धरून पळत होतो. जरा तरंग दिसला की माझा हात दांडी मागे ओढायचा. दाजी चाक धरून पुढे बघत राहायचे.

मग बोट ट्रकवर चढली आणि शर्यतीसाठी मुंबईला गेली. बंदराबाहेर पडलो आणि समजलं की धरणाचं पाणी म्हणजे ताटातलं वरण होतं. पहिल्याच मोठ्या लाटेवरून बोट उडाली. अख्खी! पाण्यातला पंखा हवेत आला आणि त्याला अडवायला काहीच नाही म्हटल्यावर इंजिनाने अशी किंकाळी फोडली की माझी बोबडी वळली. हात आपोआप मागे आला. खाली टेकलो तर मागची लाट अंगावर येईल या भीतीने मी दांडी परत पुढे सारली. पुन्हा उडालो, पुन्हा मागे. पुन्हा टेकलो, पुन्हा पुढे. दोन तास मी नुसता घाबरत होतो. आमच्यापुढच्या दोन बोटी इंजिनं फुटून समुद्रात उभ्या राहिल्या, आणि आमचा तिसरा नंबर आला.

पुण्याला परतल्यावर दाजींनी वर्कशॉपमध्ये इंजिनाचा जोर पंख्यापर्यंत नेणारा गिअरबॉक्स उघडला. चाकांच्या दातांवरून सावकाश बोट फिरवलं, एकेक दात चाचपून पाहिला. मग सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, "साहेब, तुमच्या भीतीचा एकदा सत्कार करायला पाहिजे. शाल, नारळ, सगळं."

सगळे हसले. मीही हसलो, पण आतून जळलो. आता आमच्या पुण्यात कुणी कुणाचं तोंडावर कौतुक करतं का? तीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केलेल्याला निरोप देतानासुद्धा "सुटलो बुवा एकदाचे" म्हणतात. सत्कार, शाल, नारळ हे शब्द आम्ही माणूस सोलायलाच वापरतो. मी तो टोमणाच धरला. बँकेतही बातमी पोचली होती. तिथे माझं नाव 'ब्रेक' पडलं. "काय ब्रेक, यंदा जाणार का?" रोज, वर्षभर. मला ते लागलं, फार लागलं.

दुसऱ्या वर्षी निघताना ताईने ट्रकपाशी येऊन माझ्या तरंगत्या जाकिटाचा पट्टा ओढून पाहिला. "जपून," एवढंच म्हणाली. मी नुसतं हूं केलं. घाट उतरताना मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की यंदा दांडी मागे घ्यायची नाही. काय वाट्टेल ते होवो.

पहिल्या लाटेवर उडालो. इंजिन किंचाळलं. मी दात आवळून दांडी तशीच पुढे दाबून धरली. आदळलो, हाडं खुळखुळली, पण पुढे गेलो. दुसऱ्या लाटेवरही तसंच. पुढे एकच बोट उरली होती. दाजींनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी ओरडले. इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, शाबास म्हणताहेत. मी हसलो. देवा, मी हसलो!

तिसऱ्या लाटेवरून खाली येताना भन्नाट फिरणारा पंखा पाण्यात घुसला आणि आमच्या खाली काहीतरी काडकन तुटलं. बोट जागच्या जागी आडवी फिरली. मग पाणी. नाकात, कानात, डोळ्यांत. जाकिटाने मला वर आणलं. दाजी कोळ्यांच्या होडीला सापडले, बऱ्याच वेळाने. त्यांच्या डोक्याला मार होता. त्यांना किनाऱ्यावर आणलं तेव्हा सगळं संपलेलं होतं.

ताई मला कधी एका शब्दाने बोलली नाही, आणि त्याचीच मला आयुष्यभर भीती वाटत आली. दर भाऊबीजेला ओवाळून घ्यायला पाटावर बसलो की वाटायचं, आज विचारणार. नाही विचारलं. मी मात्र जुन्या बाजारातून ती मासिकं आणत राहिलो. का ते विचारू नका. बोटी दोन तळांच्या झाल्या, मधून हवा खेळते म्हणून पाण्याला जेमतेम शिवतात. शंभर मैल मागे पडले. माणसं विमानासारख्या बंद काचेत पट्ट्यांनी बांधून बसू लागली. आणि एक दिवस वाचलं की पंखा हवेत आला की इंजिनाला आपोआप आवरणारं यंत्र निघालंय. एवढीशी डबी. मी ते पान फाडून घेतलं.

परवा ते पान घेऊन ताईकडे वारज्याला गेलो. ती आता मुलाकडे राहते, गुडघे धरलेत तिचे. यंत्र काय करतं ते मी तिला समजावून सांगितलं. तिने चष्मा लावून चित्र पाहिलं आणि पान माझ्या हातात परत दिलं.

"तू करायचास तेच की हे," ती म्हणाली. "गिअरबॉक्स उघडला ना, त्या दिवशी हे घरी येऊन म्हणाले होते, तुझ्या भावाला नेमकं कधी घाबरायचं ते कळतं. एक दात झिजू दिला नाही त्याने. त्याच्या हातात दांडी असली की मी निर्धास्त असतो."

मी पानाची घडी घालायला लागलो. तिने माझं मनगट धरलं, हलकेच.

"मग त्या दिवशीच कुठून धीर आला रे तुला?"

काय सांगणार होतो? चार माणसं हसली होती, एवढंच.