आत्मारामने पुसलेले ओरखडे

कळंबच्या किनाऱ्याकडच्या आळीत आत्मारामचं घर कोणतं, हे कुणाला विचारावं लागत नसे. ज्या दाराची कडी उन्हात डोळे दिपवते, ते त्याचं. गडी चाळीस वर्षं वसईच्या पूर्वेला एका गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारत होता. शेवटचा ओरखडा जाईपर्यंत भांडं सोडायचा नाही. काम सुटलं, पण हाताची खाज काही सुटली नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा आधी ताट तिरकं करून उजेडात बघणार, मग भातात हात घालणार. आळीतल्या बायका म्हणायच्या, "भावजी, मनोरमेच्या गालावर सुरकुती आली तर तीपन घासून काढाल."

यावर सगळ्यांत मोठ्यानं मनोरमाच हसायची. आवाज तिचा तसाच होता. ती धवलारीण. लग्नघरी जाऊन नवरीच्या नावानं धवले गायचे, तिनं सूर लावल्याशिवाय नवरीला हळद लागायची नाही. एरवी मात्र किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायचं काम. बोटांना सदा मीठ आणि वाळू, आणि त्याच बोटांनी फोन.

फोन मुलानं, जितेंद्रनं, मनवेलपाड्याला बिऱ्हाड केलं तेव्हा घेऊन दिलेला. बोटाच्या ठशावर उघडणारा. पण जन्मभर मासळी साफ करून बाईच्या बोटांवर ठसाच उरला नव्हता, फोन तिला ओळखेना. मग नातीनं, ज्ञानदानं, ठिपक्याला ठिपका जोडून कुलूप उघडायचं शिकवलं. कुठले ठिपके जोडायचे ते मनोरमेनं स्वतः ठरवलं आणि कुणाला सांगितलं नाही. आत्मारामनं एकदा विचारून पाहिलं.

"तुम्हांला कशाला? माझे यार आहेत त्यात."

दिवसातून पन्नास वेळा वाळूचा अंगठा त्या काचेवरून फिरायचा. काच खरवडून निघाली आणि आत्मारामचा जीव खालीवर व्हायला लागला.

"हात धू, मग धर ना फोन. मांजरानं पंजा मारल्यागत झालीय काच."

"गाळ्यातली भांडी संपली, आता माझ्या फोनवर डोला तुमचा."

हे भांडण रोजचं. ऐकायला आळीतली दोनचार माणसं मुद्दाम ओट्यावर येऊन बसत.

थंडीत मनोरमेला पोटाचं दुखणं लागलं. आवाज बारीक होत गेला. ज्ञानदाचं लग्न वैशाखात ठरलेलं. एका दुपारी मनोरमेनं मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. बाहेर ऐकू येत होतं ते गाणं कमी, दमणंच जास्त. घटकाभरानं ती भिंतीला धरत बाहेर आली.

"ज्ञानदाच्या हळदीचा धवला फोनात भरून ठेवलाय. तिचं नाव घालून. लावा तेवढा."

"तूच गाशील की."

"मग? मीच गानार हाय. फोनातून."

ठिपके कुठले, ते ना तिनं सांगितलं, ना त्यानं विचारलं. महिनाभरात ती गेली. फोन कपाटात तिच्या लुगड्यांखाली गेला. आत्मारामनं तिकडे हात लावला नाही.

हळदीला आठ दिवस उरले तेव्हा जितेंद्रचा फोन आला. "बाबा, आईचा फोन निर्मळला क्लिफर्डकडे घेऊन जा. त्याचं मोबाइलचं दुकान आहे, तो उघडून देईल."

आत्मारामनं फोन बाहेर काढला, चार्जिंगला लावला. काच उजळली, ठिपके आले. आणि खिडकीतल्या उन्हात त्याला दिसले ते ओरखडे. नातीच्या हळदीला असली वस्तू मांडवात न्यायची? चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या हाताला काम मिळालं होतं.

आधी कापसावर टूथपेस्ट घेऊन घासली. मग गाळ्यातून आणलेली पॉलिशची पांढरी वडी, जपून ठेवलेली, ती काढली. मऊ फडकं घेऊन ओट्यावर तीन दुपारी बसला. जाता-येता बायका थांबायच्या.

"भावजी, फोनला आंघोल घालताय का?"

"बघत राहा वयनी. आरसा करून देतो."

बारीक ओरखडे भराभर गेले. एक मात्र चिवट निघाला, वरच्या कोपऱ्यातून तिरका खाली आलेला. तिसऱ्या दिवशी तोही गेला. आत्मारामनं फोन तिरका करून पाहिला, मिशी सारखी केली, धुतलेल्या रुमालात फोन गुंडाळला आणि निर्मळ गाठलं.

क्लिफर्ड स्वभावानं मोकळा, हातातलं काम टाकून उठला. "बसा काका. पॅटर्न काय मावशीचा?"

"ठाऊक असता तर तुझ्याकडं कशाला आलो असतो?"

"फोन मी उघडून देईन. पण सगळं पुसावं लागेल, गाणंसुद्धा जाईल." तो थांबला. मग त्यानं टेबलावरचा दिवा ओढून घेतला. "एक मिनिट. मावशी रोज बोंबलांत असायची ना? वाळूच्या हातांनी फोन वापरणाऱ्या बायकांच्या काचेवर पॅटर्नची रेघच पडते. मागे एकीचा असाच उघडला मी. दिव्याखाली धरला की दिसते."

त्यानं फोन दिव्याखाली धरला. इकडून तिरका केला, तिकडून केला. बाहीनं पुसला, पुन्हा पाहिला.

"काका, नवीन काच टाकली काय?"

"नाय रे. तीच हाय."

"मग ओरखडे?"

"मी काढले," आत्माराम म्हणाला. हे म्हणताना त्याची मान ताठ होती. क्लिफर्डनं दिवा बंद केला, तशी ती हळूहळू खाली आली.

क्लिफर्डनं मऊ आवाजात विचारलं, "कसे होते, आठवतात?"

"एक होता वरच्या कोपऱ्यातून. तिरका. लई चिवट."

"बरं. खाली येऊन कुठे वळला?"

आत्मारामनं अंगठा उचलला. काचेवर धरला. तीन दुपारी ते ओरखडे त्याच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होते. पण अंगठा जागच्या जागी गोल फिरायला लागला, पॉलिश करताना फिरतो तसा. दुसरं त्याला काही येत नव्हतं.

हळदीच्या दिवशी फोन त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता. पाटावर बसलेली ज्ञानदा म्हणाली, "आजोबा, आजीचं लावा ना."

"उघडत नाय, बाय."

"का?"

"रस्ता व्हता त्यावर. मी पुसला."

पोरीनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग शेजारच्या गावाहून आलेल्या म्हातारीनं धवला सुरू केला. चांगली गायली. हळद लागली. आत्माराम मात्र कपडे ठेवलेल्या खोलीत जाऊन बसला होता.

आता दाराची कडी काळवंडलीय. आळीतल्या लोकांनी घर ओळखायला दुसरी खूण धरलीय, ओट्यावरची रिकामी खुर्ची. कारण उन्हं कलली की आत्माराम किनाऱ्यावर जातो, बोंबलांच्या बांबूंखाली, मनोरमा बसायची तिथे. ओल्या वाळूत अंगठा दाबतो, तोच काचेवर धरतो. कोपऱ्यातून खाली, मग डावीकडे. चुकलं. कोपऱ्यातून खाली, मग उजवीकडे. चुकलं. पाचदा चुकलं की फोन थांबायला सांगतो. काच पुन्हा खरवडत चाललीय.

परवा एक बाई टोपली घेऊन जाताना सवयीनं म्हणाली, "भावजी, काच बघा जरा. मांजराचा पंजा."

"पडू दे ओरखडे," तो म्हणाला.

बाई टोपली सावरत पुढे गेली. फोनवर थांबायचे आकडे उलटे खाली येत होते. ते संपेपर्यंत त्यानं अंगठा वाळूत दाबून ठेवला.