वंदनेच्या साडीची चुंबळ

आमच्या घरी नवस नाही, गंडादोरा नाही, अंगारा-धुपारा नाही. वडील होते तोवर एकच सांगायचे, मागू नये, वागावं. त्या शिकवणीचा मला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर थोडी घमेंडही होती. ऑफिसातली मैत्रीण गुरुवारचा उपास धरायची, तेव्हा मी तिच्या साबुदाण्यात वाटेकरी व्हायचे आणि वर तिलाच चिडवायचे. पण बाळंतपणात माझे हाल झाले तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की ज्यांच्याकडे देव आहे त्यांच्याकडे कळ आली की घ्यायला एक नाव असतं. मी कोणाचा धावा करणार? भगवान बुद्धांनी आधीच सांगून ठेवलं आहे की ते वाट दाखवणारे आहेत, चालायचं ज्याचं त्यानं. वाट मलाही दिसत होती, पण मला पलंगावर कूससुद्धा बदलता येत नव्हती.

मी वर्ध्याच्या नालवाडीत राहते आणि सेलूला नोकरीसाठी जाते-येते. कळा सुरू झाल्या तो दिवस पौर्णिमेचा होता. माझी आई सिंदीला असते. ती तेव्हा विहारात वंदनेला बसली होती. आमच्यात पौर्णिमेला बायका पांढरी साडी नेसून वंदनेला जातात. फोन गेला तशी ती त्याच पांढऱ्या साडीत, माझ्या धाकट्या बहिणीला, रोशनीला, सोबत घेऊन दवाखान्यात आली. बाळ अडलं होतं. रात्र गेली, दुसरा दिवस अर्धा गेला, आणि शेवटी डॉक्टरांनी त्याला चिमटे लावून ओढून काढलं. मुलगा झाला, खणखणीत रडला. मी मात्र खाली पार फाटले होते. रक्त थांबेना, वरून चढवावं लागलं. टाके किती घातले ते मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी जिवाचं रान केलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

मग ताप आला. टाक्यांची जागा पिकली. बूड टेकवता येईना, उठता येईना, लघवी कधी होऊन जायची ते कळतही नसे. छाती दुधानं दगडासारखी झाली होती, पण बसताच येत नाही तर बाळाला घेणार कसं? आडवं पडून पाजायला गेले, तर टाक्यांवर असा ताण आला की मी किंचाळले. तेव्हापासून रोशनी त्याला वाटी-चमच्यानं वरचं दूध पाजू लागली. आई दोन्ही गुडघ्यांनी अधू, तिला वाकता येत नाही. ती बिचारी माझ्या उशाशी बसून हळू आवाजात वंदना म्हणायची. नवरा बाहेर बाकावर बसून असायचा, कारण बायकांच्या वॉर्डात पुरुषांना भेटीच्या वेळेतच आत सोडतात.

आता जे सांगते ते तेव्हा मी कोणालाच बोलले नव्हते. आमच्या विहारात रविवारी लहान मुलांचा वर्ग भरतो. तिथं मी कित्येक वर्षं बुद्धांच्या जन्माची गोष्ट सांगत आले आहे. लुंबिनीचं वन, शालवृक्षाची फांदी धरून उभी असलेली महामाया, बाळाचा जन्म, सगळीकडे आनंदीआनंद. त्यानंतर एक वाक्य येतं, की सातव्या दिवशी महामाया वारली आणि बाळाला तिच्या बहिणीनं, महाप्रजापतीनं वाढवलं. हे वाक्य मी नेहमी एका दमात म्हणून पुढे जायचे, कारण मुलांना पुढच्या हंसाच्या गोष्टीची घाई असायची. आता त्या पलंगावर तेच वाक्य माझ्या छातीवर येऊन बसलं. मलाही मुलगा झाला होता. मलाही धाकटी बहीण होती. मी दिवस मोजू लागले. पाचवीची सटवाई म्हटलं की जन्मभर टिंगल करणारी मी, आणि मला धरलं ते आमच्याच गोष्टीनं!

एकदा हे मनात बसल्यावर मी तशी वागूही लागले. बाळाकडे फार पाहायचं नाही, त्याला आपली सवय लागू द्यायची नाही, असं मी ठरवून टाकलं. सिस्टर म्हणायच्या, "थोडं तरी छातीशी घ्या ना त्याले," की मी डोळे मिटून घ्यायचे. एका दुपारी रोशनी त्याला मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला म्हटलं, "तुया हातात बरा राह्यते तो. तूच सांभाळजो याले."

"मंग आता कोन सांभाळून राह्यलं? मीच ना?" ती हसून म्हणाली.

"तसं नाई. पुढंबी."

तिचं हसू मावळलं. "काऊन अशी बोलून राह्यली वं ताई? ताप डोक्यात गेला काय तुया?" एवढं बोलून ती बाळाला घेऊन बाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही. आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि मी ते पाहूनही काही विचारलं नाही.

सातवा दिवस उजाडला. सकाळी आई औषधं आणायला गेली. रोशनी बाळाला घेऊन व्हरांड्यातल्या कोवळ्या उन्हात बसली. माझं अंथरूण ओलं झालं होतं. सिस्टरला हाक मारायची, तर तीही मारली नाही. आता काय उरलं आहे, असू दे, असं म्हणत मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. थंडीचे दिवस होते, ओल्या कपड्यांनी अंग काकडत होतं. इतकी वर्षं ध्यानाला बसून जी शांती मिळाली नव्हती ती आता मिळाली असंही क्षणभर वाटलं. खरं तर मी फक्त आशा सोडली होती.

शेजारच्या पलंगावर कारंज्याकडच्या जंगलपट्टीतली एक गोंड बाळंतीण होती. तिची सासू तिच्या सोबतीला होती. सुनेशी ती त्यांच्या बोलीत बोलायची, आमच्याशी वऱ्हाडीत. त्यांना आदल्याच दिवशी सुटी मिळायची होती, सामानसुद्धा बांधून झालं होतं, पण त्यांच्या बाळाला कावीळ दिसली म्हणून डॉक्टरांनी थांबवून घेतलं. त्या सासूशी माझं तोवर धड दोन शब्दांचं बोलणं झालं नव्हतं. कमरेला तंबाखूची डबी, आवाज मोठा, आणि येता-जाता शेळ्यांच्या गोष्टी. खोटं कशाला बोलू, मला तिचा जरा वैतागच यायचा. तीच माझ्या पलंगापाशी आली आणि तिनं चादरीला हात लावून पाहिला.

"ओली झाली काय वं पोरी?"

"असू द्या, मावशी," मी म्हटलं. ओळख नसलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार?

"असू द्या काऊन? थंडी वाजून राह्यली तुले."

ती गेली आणि गंजभर ऊन पाणी घेऊनच परत आली. पडदा ओढला. ओलं सगळं काढलं, मला धुतलं, पुसलं, आणि जखमेच्या कडेनं हात असा फिरवला की कुठं दुखावलं नाही. लाजेनं मी मेले असते, पण ती माझ्याकडे पाहतच नव्हती. तिची एक शेळी भर पावसाळ्यात अडली होती, त्याची हकिकत ती सांगत सुटली होती. "तुयापेक्षाबी जास्त वरडली ते," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा हसू आलं. हसल्यानं टाके ठणकले.

तेवढ्यात आई औषधं घेऊन आली. बाईनं तिला विचारलं, "बाई, तुमच्यापाशी एखांदं मऊ लुगडं हाय काय? धुऊधुऊ मऊ झालेलं?"

आई थांबली. पिशवीत तसं कापड एकच होतं, पौर्णिमेची पांढरी साडी. तिनं ती बाहेर काढली.

"नको वं आई, वंदनेची हाय ते," मी म्हटलं. जखमेतून रक्त यायचं, पू यायचा. आणि ती साडी आई घरी वेगळ्या पेटीत ठेवते, इतर कपड्यांत मिसळू देत नाही.

"धुवून घेईन," आई म्हणाली आणि साडी तिनं त्या बाईच्या हातात दिली.

बाईनं साडीला पीळ दिला आणि वेढ्यावर वेढा घालत तिची चुंबळ केली. पाण्याच्या गुंडीखाली बायका डोक्यावर ठेवतात तशीच, फक्त परातीएवढी. ती पलंगावर ठेवली. सिस्टरला विचारलं, हिला बसवलं तर चालते काय; सिस्टर हो म्हणाल्या. मग तिनं माझ्या दोन्ही काखांत हात घातले. मी अंग आक्रसून घेतलं आणि पलंगाची कड गच्च धरली.

"कड सोड," ती म्हणाली.

"पडीन मी, मावशी."

"पुरा भार टाक मायावर. मी काई मोडत नाई."

मी कड सोडली. तिच्या अंगाला चुलीच्या धुराचा आणि तंबाखूचा वास येत होता. माझं सगळं ओझं तिच्या दोन हातांवर होतं, आणि लहानपण सरल्यापासून असं दुसऱ्याच्या हातांवर मी कधीच गेले नव्हते. तिनं मला अलगद चुंबळीवर टेकवलं. जखम मधल्या पोकळीत राहिली, कुठंही लागली नाही. मी बसले होते. खिडकीतून बाहेरचा कडुलिंब दिसला, त्याच्याखाली माझा नवरा चहाचा कप हातात घेऊन उभा होता. इतके दिवस मी नुसतं छत पाहत होते.

बाहेर बाळ रडलं. त्याचा आवाज कानावर पडला आणि माझी छाती आपोआप वाहू लागली, गाऊन पुढून चिंब झाला. रोशनी त्याला घेऊन आत आली आणि वाटी-चमचा शोधू लागली.

"दे त्याले इकडं," मी म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

"दे म्हणते ना. माया हाय तो."

आईनं पाठीशी उशी लावली, रोशनीनं त्याला माझ्या मांडीवर ठेवलं. तो छातीला लागला. आधी फार दुखलं, मग हळूहळू छाती हलकी होत गेली. तो पीत होता, माझ्या डोळ्यांना धार लागली होती, आणि मरणाबिरणाचं सगळं विसरून मी त्याच्या कानांकडे पाहत होते. त्याचे कान थेट माझ्या वडिलांसारखे आहेत हे मला तेव्हा कळलं. इतके दिवस तो माझ्या हाताच्या अंतरावर होता आणि मी ते पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी ताप उतरला. डॉक्टरांनी आदल्या दिवशी जखम साफ करून औषध बदललं होतं, त्यानं उतरला असणार. मी त्याला चमत्कार म्हणत नाही. दिवेलागणीला मी आईला सातव्या दिवसाचं सगळं सांगितलं. वाटलं होतं ती रागावेल, शिकलेल्या बाईनं असं मनात आणावं का म्हणेल. ती बराच वेळ माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मीबी मोजून राह्यली होती." आम्ही दोघी हसलो की रडलो ते आता नीट सांगता येत नाही. शेजारचा पलंग तेव्हा रिकामा होता. त्यांच्या बाळाची तपासणी चांगली आली आणि दुपारीच ते गावाला निघून गेले होते. जाताना बाई आईला एवढंच म्हणाली, "चुंबळ रोज उन्हात टाकत जाजा."

पुरती बरी व्हायला मला पुढं कित्येक महिने लागले. टाके भरले, पण अंगातला विश्वास परत यायला वेळ लागला. डॉक्टरांनी शिकवलेले व्यायाम केले, शेक घेतला, कधी कंटाळून रडले. मांडी घालून वंदनेला बसता आलं तोवर बाळाला दात आले होते. त्या दिवशी त्रिशरण म्हणताना मी 'सरणं गच्छामि'पाशी थांबले. शरण जाते, असं मी लहानपणापासून रोज म्हणत आले, मुलांना त्याचा अर्थही शिकवला. मला वाटायचं, शरण जाणं ही मनाची गोष्ट आहे, आणि मन तर माझ्या ताब्यात आहे. त्या सकाळी माझ्या ताब्यात काहीच नव्हतं, अंथरूण कोरडं ठेवणंसुद्धा नाही. तरीही मी पलंगाच्या कडेवरची मूठ सोडत नव्हते. ती सुटली तेव्हा मी पडले नाही, एवढाच माझा अनुभव. यापेक्षा मोठं काही मला समजलं आहे असा माझा दावा नाही. मात्र कोणाच्या घरी दुखणं असलं की आता मी 'काही लागलं तर सांगा' म्हणून फोन ठेवत नाही, जाऊन बसते.

त्या मावशीचं नाव मी विचारलं नाही. तिचं गावही नक्की कोणतं ते ठाऊक नाही. कधी कारंज्याच्या रस्त्यानं जाणं झालं, तर बसच्या खिडकीतून शेळ्या राखणाऱ्या बायकांचे चेहरे पाहत जाते. पण ती भेटली तरी काय सांगू? तुमच्यामुळं मी वाचले म्हटलं, तर ती म्हणेल, वाचली म्हंजे? कोनती पोरगी वं तू? त्या वॉर्डात मी दिवस मोजत होते, आई मोजत होती, रोशनी माझं बोलणं ऐकून बाहेर जाऊन रडत होती, नवरा डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधत होता. आम्ही सगळ्यांनी मला मनातल्या मनात अर्धं पोचवून टाकलं होतं. ज्या कोणाच्या पुण्याईनं ती बाई त्या सकाळी तिथं थांबली, त्याला मी हात जोडते. तिला महामायेची गोष्ट माहीत नव्हती. तिच्या लेखी मी मरायला टेकलेली नव्हतेच. थंडीनं काकडणारी एक ओली बाळंतीण होते, आणि अशा बाईला आधी ऊन पाणी लागतं.