टपरीवर केलेली चौकशी

आमच्याकडे मुलगी द्यायची तर आधी घर बघायला जातात, आणि बघायला जाणाऱ्यांत माझे बाबा असावेत असा गावाचा आग्रह असतो. आमचं गाव वैशाखऱ्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्याला. बाबा भातशेती करतात आणि मुरबाड ते कल्याण शेअरची जीप चालवतात. त्यामुळे त्यांची ओळख मोठी आणि माणसाकडे बघण्याची नजर पक्की, असं लोक म्हणतात. घर बघण्याचे त्यांचे काही नियम आहेत. न सांगता जायचं. घरच्यांना काही विचारायचं नाही, ते चांगलंच सांगणार. विचारायचं ते शेजाऱ्याला, गिरणीवाल्याला, चहावाल्याला. तिथलं पाणी पिऊन बघायचं. रिकाम्या हाताने जायचं नाही, पण पेढेही न्यायचे नाहीत, कारण पेढे म्हणजे होकार. या नियमांवर त्यांनी गावातल्या बऱ्याच मुली चांगल्या घरी पाठवल्या आणि दोन ठरत आलेली लग्नं मोडली. मोडलेल्या दोन्हींबद्दल लोक आजही त्यांचे आभार मानतात.

बारावीनंतर हेच नियम त्यांनी माझ्या कॉलेजला लावले.

मी मुरबाडच्या कॉलेजात सायन्सला पहिली आले होते. निकालानंतर आठवड्याभरात एका खासगी विद्यापीठातून फोन आला. विद्यापीठ शहापूरच्या पुढे, हायवेपासून आत. फूड टेक्नॉलॉजीची पदवी, आणि माझे गुण बघून ट्यूशन फी शंभर टक्के माफ. पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. वर सोनेरी किनार, मध्ये माझं नाव, खाली कोणाची तरी ऐटदार सही. ते मी स्टेटसला ठेवलं आणि दुपारपर्यंत गावात सगळ्यांना कळलं की पोरीला फुकट कॉलेज लागलं. मी कोणाला खोडून सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला ते ऐकायला फार आवडत होतं.

दुसरीकडे कल्याणचं अनुदानित कॉलेज होतं. बीएस्सी केमिस्ट्री, फी बेताची, एसटीचा पास काढला की झालं. पण रोजचे जाऊन-येऊन चार तास रस्त्यात, प्रयोगशाळा जुनी, आणि गावातून तिथे आधीच तिघेजण शिकत होते. म्हणजे मिरवण्यासारखं काही नाही. मला शहापूरच हवं होतं. हॉस्टेलवर राहायचं होतं, पांढरा कोट घालून नव्या मशिनसमोर उभं राहायचं होतं, आणि लोकांनी विचारलं की नुसतं "कल्याणला जाते" असं सांगायचं नव्हतं.

बाबांनी पत्र दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "बघून येऊ."

"बाबा, ते कॉलेज हाय. सोयरीक नाय," मी म्हणाले.

"तीन वर्सं ऱ्हायचं ना तिथं? मग घरच झालं."

आईने निघताना पिशवीत शेर-दीड शेर तांदूळ घातले. मी शरमेने मरायची बाकी होते. विद्यापीठात तांदूळ घेऊन कोण जातं? पण आईशी वाद घालायचा तर बस चुकली असती.

आम्ही पोचलो तेव्हा दहा वाजले होते. बाबांनी आधी इमारतीला एक फेरी मारली. पाण्याच्या टाकीखाली जाऊन नळाचं पाणी ओंजळीने प्यायले. मेसच्या मागच्या दाराशी जाऊन स्वयंपाक करणाऱ्या मावशींना तांदळाची पिशवी दिली आणि विचारलं, पोरींना आमटी पुन्हा मागितली तर मिळते का. मावशींनी तांदूळ हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, मिळते, पण भात बाजारचाच, असला नाय. इतक्यात वॉचमन आला. त्याला वाटलं हे मेसला माल पुरवणारे आहेत. मी चार पावलं लांब उभी राहून मोबाइलमध्ये बघत होते, जणू हा माणूस माझ्या ओळखीचा नाही. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

ऑफिसमध्ये टाय लावलेले एक गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला गार पाणी दिलं आणि रंगीत माहितीपत्रक दिलं. बाबांनी माहितीपत्रक न उघडता विचारलं, "माफी तीनही वर्सं?"

"हो, फक्त दर वर्षी सीजीपीए दहापैकी आठच्या वर राहायला हवा."

"आठाच्या खाली आला तर?"

"तर मग त्या वर्षाची पूर्ण ट्यूशन फी भरावी लागते. पण तुमची मुलगी हुशार आहे, काळजी कसली?"

हॉस्टेल, मेस आणि परीक्षा फी माफीत येत नव्हती. तेवढं बाबा ओढाताण करून भरू शकत होते, तसं ते म्हणालेही. पण पूर्ण ट्यूशन फीचा आकडा त्यांनी दोनदा विचारून घेतला. आमची जीप विकून जेवढे पैसे आले असते साधारण तेवढा तो होता. म्हणजे मी एका वर्षी जरी घसरले तरी एकतर जीप जाणार, नाहीतर माझं कॉलेज अर्ध्यावर सुटणार. गृहस्थ काही लपवत नव्हते. विचारलं ते सगळं त्यांनी नीट सांगितलं. पण बाबांच्या हिशेबी ते घरचे होते, म्हणून त्यांचं सांगणं धरायचं नव्हतं.

बाहेर गेटसमोर चहाची टपरी होती. अकरा वाजत आले होते. बाकड्यांवर पाच मुलंमुली बसली होती. बाबांनी सगळ्यांना चहा सांगितला आणि पाच मिनिटांत त्यांची गावं, मामे-मावश्या सगळं काढलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्यापैकी माफीवर कितीजन आले?"

चौघांनी हात वर केले.

"आता कितीजनांची टिकली हाय?"

हात खाली गेले. एकही वर राहिला नाही. किन्हवलीकडची एक मुलगी होती, दुसऱ्या वर्षाची, माझ्यासारखीच दोन वेण्या घालणारी. ती म्हणाली, "माझी थोडक्यात गेली. यंदाची फी मामांनी भरली. पुढच्या वर्षाचं बघू." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "येताना सगळेच हुशार असतात गो."

मला तिचा राग आला. तिने माझ्याकडे बघून ते बोलायला नको होतं.

परतताना शहापूरच्या स्टँडवर मुरबाडच्या गाडीला वेळ होता. मी तिथेच भांडायला सुरुवात केली. त्या मुलांना अभ्यास नको, माझं तसं नाही. पहिलीपासून मी कधी कमी गुण आणलेत का?

"नाय आनले," बाबा म्हणाले.

"मग?"

"मी बी इतकी वर्सं गाडी कुठं ठोकली नाय. म्हनून इन्शुरन्स काढत नाय का मी?"

मी मान वळवून गाडी आली का ते बघायला लागले. मग ते म्हणाले, "तू ठरव. तू म्हनशील तर घालतो तिथं." बापाने "तू ठरव" म्हटलं की मुलीला ठरवायला काही उरत नाही, हे आमच्याकडच्या कुठल्याही मुलीला विचारा. पण तेवढंच कारण होतं असं म्हणणं खोटं होईल. त्या चार हातांचं खाली जाणं मला दिसत राहिलं होतं. आपण हुशार नसलो तर, हा विचार माझ्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा आला आणि मी घाबरले. चार दिवस बाबांशी बोलले नाही, पाचव्या दिवशी कल्याणचा फॉर्म भरला. स्टेटसवरचं पत्र कधीच उडालं होतं. कोणी विचारलं तर आई सांगायची, लांब होतं म्हणून नको म्हणालो.

कल्याणचं कॉलेज वाईट नव्हतं. चांगला वजनकाटा एकच, त्याच्यापुढे रांग लागायची, आणि दुसरा होता तो पंख्याच्या वाऱ्याने हलायचा. पण सर जीव लावून शिकवायचे. पहाटेची एसटी, मुरबाडला बदल, कधी बाबांच्या जीपला जागा असली तर मागच्या सीटवर. पुढच्या सीटवर मी वर्षभर बसले नाही. तेवढा राग मी धरून ठेवला होता. गुण मात्र बरे पडत गेले. पहिल्या सेमिस्टरला आठच्या थोडे वर. दुसऱ्याला आणखी थोडे वर. मग तसेच. दोन विद्यापीठांचे गुण एका तराजूत घालता येत नाहीत, हे मला कळतं. तरी प्रत्येक निकालाला मी मनातल्या मनात ते शहापूरच्या काट्यावर ठेवून बघायचेच.

दुसऱ्या वर्षाला असताना एक प्रॅक्टिकल रद्द झालं आणि मी अकराच्या सुमाराला कॉलेजच्या गेटबाहेर आले. समोर आमचीही एक टपरी आहे. तिथे वर्गातली सहासात जणं बसली होती. नेहमीचीच. त्यांच्यातल्या निम्म्यांचे विषय राहिले होते. बाकीचा वर्ग आत लायब्ररीत अभ्यासाला बसला होता. मी चहा सांगितला आणि पेला हातात घेतल्यावर एकदम लक्षात आलं. त्या दिवशी आम्ही शहापूरलाही अकराच्या सुमाराला टपरीवर चौकशी केली होती. ज्यांची माफी टिकली होती ती सगळी मुलं त्या वेळी वर्गात बसली असणार. आम्ही विचारलं ते फक्त बाहेर बसलेल्यांना.

घर बघताना ही पद्धत बरोबर असते. शेजारी दुपारी ओट्यावर बसला म्हणून तो वाईट शेजारी ठरत नाही. कॉलेजात तसं नसतं, हे बाबांना कळायचं काही कारणच नव्हतं. ते दहावीनंतर शिकायला म्हणून कुठल्या कॉलेजच्या गेटातून आत गेले नव्हते. पण मला कळायला हवं होतं. मी तिथेच होते, आणि मीही मोजले ते हातच. मला आधी हसू आलं, मग इतका संताप आला की चहा तसाच ठेवून मी आत जाऊन बसले. घरी गेल्यावर सांगायचं ठरवलं होतं. घरी गेले तर बाबा शेजारच्या काकांबरोबर त्यांच्या पुतणीसाठी एक घर बघायला निघाले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मी नुसती त्यांची कॉलर नीट करून दिली.

शेवटच्या वर्षाची मार्कशीट हातात आली त्या दिवशी बाबांची जीप कल्याणच्या स्टँडवर उभी होती आणि सीटा भरायच्या होत्या. मी पुढे त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी चष्मा लावून मार्कशीट स्टिअरिंगवर पसरली. विषयांची नावं सोडून दिली आणि बोट फिरवत सगळ्या सेमिस्टरचे आकडे एकेक करून बघितले. एकही आठच्या खाली नव्हता. मग त्यांनी चष्मा काढला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"तिकडं शहापुराला किती लागत होते गो?"

बाबांना या रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकाची जागा पाठ आहे. कोणत्या साली कोणत्या घरच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं तेही त्यांना आठवतं. त्या ऑफिसातला आकडा तर त्यांनी स्वतः विचारून काढला होता.

"नऊ," मी म्हणाले.

मागे शेवटची सीट भरली. कोणीतरी दार ओढून घेतलं. बाबांनी मार्कशीटची व्यवस्थित घडी घातली, माझ्या हातात दिली आणि किल्ली फिरवली.

"हां," ते म्हणाले, "नऊच सांगितलेलं त्या सायबानं."