काट्याचं फळ उपवासाला

सुनेनं समोर काचेचा ग्लास ठेवला तेव्हा मला आधी वाटलं, कुणीतरी पाण्यात गुलाल कालवलाय. श्रावणातला सोमवार होता. महादेवाला बेल वाहून गल्लीतल्या पाच-सहा बायका आमच्या ओट्यावर टेकल्या होत्या, सगळ्या उपवासाच्या. घरात चांगले स्टीलचे पेले असताना सुनेनं कपाटातले काचेचे ग्लास काढले होते, रंग दिसावा म्हणून. तो दिसला आणि तिथंच घोटाळा झाला. ग्लास घेतले सगळ्यांनी, पण ओठाला कुणी लावीना.

सरबत होतं ड्रॅगन फ्रूटचं. जिंतूरच्या रस्त्याला आमचा मुरमाड तुकडा आहे, तिथं कापूस कधी गुडघ्याच्या वर गेला नाही. सुनेनं त्यात सिमेंटचे खांब रोवून हे वेल चढवले. वेल कसले, निवडुंगाचे भाऊबंद! गावभर झालं, हिनं पैसे मोजून काटे लावले. ती ऐकून न ऐकल्यासारखं करी. यंदा पहिली फळं आली. बाहेरून खवल्याखवल्याची आणि आतून जास्वंदीला मागं टाकतील अशी. पहिलं फळ तिनं देवापुढं ठेवलं. बाकीची घुसळून, लिंबू पिळून, माठाचं पाणी घालून बायकांसाठी आणली. ह्या बायकांनी गोड मानून घेतलं तर गावाचं तोंड बंद होणार होतं. नाहीतर ते जन्मभर 'काट्याचं फळ'च राहणार. सून ट्रे धरून तिथंच उभी राहिली.

समोरच्या घरातल्या आक्कांनी ग्लास उजेडाला धरला. आमच्या गल्लीत उपवासाचं हायकोर्ट म्हणजे ह्या आक्का.

"बिट घातलंस का गं ह्यात?"

"न्हाई आक्का, फळाचाच रंग हाय."

"आन् हे काळं काळं? तीळ दिसायलेत. तीळ न्हाई चालत."

"बिया हायत त्या."

"मीठ?"

"सैंधव."

पोरीनं सगळा अभ्यास केला होता. आक्कांनी ग्लास नाकाशी नेऊन हुंगला. मग म्हणाल्या, "पर माय, जात निवडुंगाची. आपल्या आजी-पणजीनं कधी उपवासाला खाल्लंय का? उगं कामून सोमवार मोडायचा?"

सगळ्यांनी ग्लास खाली ठेवले आणि माझ्याकडं बघितलं. वयानं थोरली मीच ना.

मी ग्लासाकडं बघत होते, पण मला त्यात एक नवी नवरी दिसायला लागली. वालूरकडच्या एका वस्तीतून नांदायला आलेली, अकलेनं आखूड आणि नाकानं लांब. तिच्या माहेरी उपवास म्हणजे भगर आणि दाण्याची आमटी. सासरच्या पहिल्या श्रावण सोमवारी सासूनं वाटीत खीर वाढली. दुधात काचेसारखे गोळे, एकेकाच्या पोटात पांढरा ठिपका. त्या शहाणीनं साबुदाणा जन्मात पाहिला नव्हता. ओढ्याच्या डबक्यात मात्र असलं पुष्कळ पाहिलं होतं. ह्या घरात बेडकाची अंडी खातात, असं तिनं ठरवूनच टाकलं. सासूला तसं म्हणायची छाती नव्हती, म्हणून मान खाली घालून म्हणाली, "आत्या, माझा निर्जळी असतोय."

सासू इतकी खूश झाली! गल्लीभर सांगून आली, "सून लय भाविक भेटली." झालं. दर सोमवारी ही भाविक बया पाण्याच्या थेंबाविना चुलीपुढं बसून दुसऱ्यांसाठी बेडकाची अंडी शिजवायची. श्रावण सरत आला तेव्हा एका मंगळवारी सकाळी खिरीचं पातेलं घासायला घेतलं. बुडाशी थोडी उरली होती. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि बोट फिरवून चाटलं. दूध, साखर, वेलदोडा. मग ते पातेलं घासायचं काही राहिलंच नाही. अजून आरशात दिसली की मी तिला विचारते, अगं भवाने, पहिल्याच दिवशी बोटभर चाखलं असतंस तर काय बिघडलं असतं?

आणि साबुदाणा तरी आजीच्या आजीनं कुठं पाहिला होता? कधीतरी कुणीतरी पहिल्यांदा 'चालतं' म्हणालं असेल. पोथी बघून नसेल म्हणालं. भूक लागली असेल.

"तुमीच सांगा आत्या," सून हळूच म्हणाली.

"चाखल्याबिगर कसं सांगू?"

"आन् न चालणारं निघालं तर?" आक्का.

"तर पाप मला. तुमी बसा निर्जळी."

मी घोट घेतला. रंगावरून वाटलं होतं, जिभेवर काहीतरी दणकाच बसेल. कसचं काय! एवढा तालेवार रंग आणि चव अगदी गरीब, कलिंगडाच्या चुलत बहिणीसारखी लाजत लाजत आलेली. मागून लिंबू. बिया दाताखाली किरकिर वाजत होत्या, त्याची मात्र गंमत वाटली. नक्की कशासारखं लागतंय ते कळेना, म्हणून दुसरा घोट घेतला. मग तिसरा.

"काय झालं आत्या?"

"कळंना अजून. दुसरा ग्लास दे."

बायका हसायला लागल्या. आक्का वैतागल्या, "आवं, निकाल तर द्या!"

"चालतं," मी ग्लासातूनच बोलले.

"कशावरून?"

"हे झाड पाण्याबिगर महिना महिना उभं राहतंय का न्हाई? म्हंजे झाडाचाच निर्जळी हाय. उपवास करणाऱ्या झाडाचं फळ उपवासाला न चालून सांगते कुणाला?"

आक्कांनी यावर बराच विचार केला. डोळे मिटले, महादेवाचं नाव घेतलं आणि अर्धा ग्लास एका दमात खाली केला. मग उरलेला अर्धा. बाकीच्या कशाला थांबतात? जरा वेळानं सगळ्या एकमेकींना जिभा काढून दाखवत होत्या. गुलाबी, नुसत्या गुलाबी! आक्कांच्या ओठावर तर मिशीच उमटली होती. उठताना त्या सुनेला म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी लिंबू जरा कमी पिळ."

सून रिकामे ग्लास घेऊन आत गेली. तिचाही उपवास होता आणि तिला काही उरलंच नव्हतं. मी मागोमाग डोकावले. ती पाठमोरी उभी राहून पातेल्यात बोट फिरवून चाटत होती.

मी खाकरले नाही. आल्या पावली मागं फिरले.