फुकट सल्ला देणारे मनोहरभाऊ

त्या दिवशी सकाळी सारण कालवताना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि काय ते कळत नव्हतं. मग लक्षात आलं, पत्र्यापलीकडून स्टोव्हचा आवाज येत नाहीये. जाम गावच्या चौरस्त्यावर आमची दोन दुकानं एकाच शेडमध्ये, मध्ये फक्त पत्रा. इकडे माझं सांबारवडीचं, म्हणजे कोथिंबिरीच्या सारणाच्या वडीचं दुकान, तिकडे मनोहरभाऊंचं चहाचं हॉटेल. माझ्या मनात आलं, भाऊ शेडच्या मालकाकडे गेले असणार, माझी अर्धी जागा पदरात पाडून घ्यायला. तेवढ्यात माझे यजमान आले आणि म्हणाले, "मनोहरभाऊ गेले. झोपेतच." आता महिना होऊन गेला, पण त्या विचाराची मला अजून लाज वाटते.

मी काही जन्मापासून संशयी नव्हते. नव्वदच्या दशकात यजमानांची गिरणीतली नोकरी सुटली, थोडे पैसे हातात आले, आणि नेमका त्याच सुमारास हिंगणघाटच्या एका सभागृहात सफारी घातलेला एक गोड बोलणारा माणूस श्रीमंत कसं व्हायचं ते शिकवायला आला. सागाची रोपं घ्या, म्हातारपणी बंगल्यात राहा. आम्ही घेतली. वर्षभरानं आपली रोपं केवढी झाली ते पाहायला गेलो, तर त्या जागी कुणाच्या तरी तुरी उभ्या होत्या आणि सफारीवाल्याचा पत्ता नव्हता. वडनेरचं घर सोडून आम्ही जामला आलो, ते त्यानंतर. दुकान चाललं नाही तर परत जायला तोंड नव्हतं. तेव्हापासून कुणी हसून सल्ला द्यायला लागलं, की माझा हात आपोआप गल्ल्यावर जायचा.

आणि शेजारी मिळाले कोण, तर मनोहरभाऊ! सल्ला दिल्याशिवाय या माणसाचा दिवस उगवत नसे. गिऱ्हाइकाला आधी पाणी द्या, भाव मग सांगा. बेसन महागलं तर भाव वाढवा, पण वडी लहान करू नका. आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवा, नवराबायको कुठेतरी जाऊन या, नाहीतर कमावून काय उपयोग. मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, म्हणजे त्या दिवशी माझी गिऱ्हाइकं तुमच्याकडे! बरं, बुधवारी ते स्वतःही हॉटेल बंद ठेवत आणि बायकोला, सुमनताईंना, घेऊन सिंदीला लेकीकडे जात. त्यातही मला डाव दिसे. तो कोणता, हे मात्र कधी नीट जुळलं नाही.

सगळ्यात जास्त राग आला होता तो चहाच्या सल्ल्याचा. "वहिनी, तुमी चाय ठेवू नोका," एक दिवस ते म्हणाले, "तुमच्या हाताले वडी हाये. तेवढीच अशी करा का गाडी थांबली पायजे. चार गोष्टी कराल त एकही धड होनार नाई." आता चहावाल्यानं शेजारणीला चहा ठेवू नको म्हणायचं, यात न कळण्यासारखं काय होतं? मी हट्टानं दुसऱ्याच दिवशी शेगडी मांडली. महिनाभर दूध उतू गेलं, दुधाकडे धावले की वड्या करपल्या, आणि नेहमीचे दोन ट्रकवाले हात हलवून पुढे निघून गेले. मी शेगडी उचलली. संध्याकाळी भाऊंनी दोन कप चहा पाठवला. मला वाटलं, जिंकल्याचा आनंद साजरा करून राहिले आहेत. तो चहा मी प्यायले नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी मधल्या पत्र्याला ताटाएवढा झरोका कापला होता. मी विचारलं, "भाऊ, हे काऊन?"

"हवा खेळते थोडी. आन् पुढंमागं कामी येईन."

भोक नेमकं माझ्या गल्ल्याच्या बाजूला. माझी कमाई मोजायची सोय, दुसरं काय! मी त्यावर कॅलेंडर टांगलं. "वहिनी, ते दुसरीकडं लावा ना," ते म्हणाले. "तारीख पाहाले मले इथंच बरं पडते," मी म्हटलं. पुढं दरवर्षी त्याच खिळ्यावर नवं कॅलेंडर लागलं. जानेवारीत भाऊ त्याच्याकडे एकदा बघत आणि आपल्या स्टोव्हकडे वळत.

रोज सकाळी मात्र ते न चुकता इकडे येत. पहिल्या घाण्यातली एक वडी उचलत, डोळे मिटून खात आणि म्हणत, "मीठ थोडं कमी हाये, वहिनी." रोज! इतकी वर्षं! एक तर फुकट खायचं निमित्त, नाहीतर माझ्या वड्या खारट करून गिऱ्हाईक तोडायचा बेत. मी मिठाला बोट लावलं नाही. मी स्वतः वडी खात नसे. दिवसभर तेलाचा वास घेतलेल्या माणसाला ती नको होते.

तेराव्यानंतर सुमनताईंनी हॉटेल उघडायचं ठरवलं आणि मला हाताशी बोलावलं. त्यांच्या बाजूला मी पहिल्यांदाच गेले. झरोक्याखाली एक फळी ठोकलेली होती, बरोबर प्लेट मावेल एवढी. पत्र्याच्या कडा आत वळवून, ठोकून गुळगुळीत केलेल्या, कुणाचा हात कापू नये म्हणून. शेजारी गिऱ्हाइकांचं बाकडं. आणि भोकातून दिसत होती माझ्या कॅलेंडरची कोरी पाठ.

"इथून वडीची प्लेट येईन म्हनत होते," सुमनताई म्हणाल्या. "चाय पेनाऱ्याले तिकडचा वास आला पायजे, मंग तो वडी मांगते. दरसाली म्हनत, औंदा वहिनी कॅलेंडर काढन."

मी इकडे आले, कॅलेंडर काढलं, पुन्हा तिकडे जाऊन भाऊंच्या स्टुलावर बसले आणि पाहिलं. गल्ला दिसतच नव्हता. कढई दिसत होती फक्त. मला रडू आलं ते तिथे... वडी खाल्ली की माणूस दुसरा चहा घेतो, तेव्हा फायदा त्यांचाही होताच की, असंही लगेच मनात आलं. सवय जात नाही. पण दोघांचा फायदा असू शकतो, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच शिरलं नव्हतं.

आता कॅलेंडर समोरच्या भिंतीवर आहे. पहिल्या घाण्याची प्लेट मी त्या फळीवर ठेवते आणि पलीकडून सुमनताईंचा हात येतो. परवा त्यांना यायला उशीर झाला, प्लेट तशीच निवत राहिली. मी तिकडे गेले, भाऊंच्या स्टुलावर बसले, त्यातली एक वडी उचलली आणि त्यांच्यासारखे डोळे मिटून खाल्ली.

मीठ खरंच कमी होतं.